पट्टीखालचा आकडा

अमरावतीच्या एका प्लेटिंगवाल्यानं मला जस्त म्हणून दुसराच धातू विकला. त्यात माझ्या धाकट्या भावाची फुप्फुसं गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी आमच्या सरांबद्दल लिहिणार आहे आणि सरांबद्दल काही सांगू लागलं की लोक हसायला लागतात. हसा, माझी हरकत नाही. पण कुणी कुणाला फसवलं ते विसरू नका.

सर आम्हाला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे. अख्ख्या अकोल्यात त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. घरी गॅस पेटवायचा असला की त्यांची बायको, आमच्या बाई, पेटवायच्या आणि सर अंगणात जाऊन उभे राहायचे. शर्टाला इस्त्री नसायची, कारण इस्त्रीची वायर. एसटीत चढले की आधी संकटकाळी बाहेर पडायच्या दाराचा दांडा हलवून पाहायचे, मग त्याच्याच शेजारी बसायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं चार घास खाल्ल्याशिवाय त्यांचा हात पानाकडे जायचा नाही. आणि शेजारचा जेवत असताना ते त्याच्याकडे असे टक लावून पाहायचे की त्या बिचाऱ्याचा घास घशात अडकायचा. पोरं त्यांना ससा म्हणायची. मागे नव्हे, जवळजवळ तोंडावर.

त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी सशाचं चित्र काढून ठेवलं. सरांनी ते पुसलं नाही. खडू घेऊन त्याचे कान जरा लांब केले आणि म्हणाले, “आता बरोबर झाला. कान मोठे पाहिजे बापू. भ्याले शिका. जो भेत नाही ना, तो दुसऱ्याले मारते.”

वर्ग हसला. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. मी कशाला भिणार होतो? माझे वडील जुन्या शहरात भंगाराच्या दुकानावर माल तोडायचे, वेगळा करायचे. मुळाक्षरं शिकायच्या आधी मी तांबं आणि पितळ वेगळं करायला शिकलो. दगडावर घासायचं, वाकवायचं, आवाज ऐकायचा, जिभेला लावायचं. सरांनी मला धातू जिभेला लावताना पाहिलं तेव्हा ते पांढरेफटक पडले आणि मला नळाखाली धरून त्यांनी इतक्या चुळा भरायला लावल्या की माझा शर्ट ओला झाला.

त्यांच्या प्रयोगशाळेत भिंतीवर मूलद्रव्यांचा मोठा तक्ता होता. सगळ्याच कॉलेजात असतो. पण आमच्या तक्त्यावर प्रत्येक मूलद्रव्याच्या अणुभारावर सरांनी कागदाची बारीक पट्टी डिंकानं चिकटवून टाकली होती. नाव दिसायचं, वजन नाही. एकटं तांबं तेवढं उघडं होतं. त्रेसष्ट पूर्णांक पाच.

“बाकीचे झाकले कावून सर?” मी विचारलं होतं.

“आकडा दिसला की पोरगं वजन करत नाही. आकड्याकडे पाह्यते अन् उत्तर जुळवते.”

“मंग तांबं कावून उघडं?”

“एकाले तरी खरं मानावं लागते बापू. नाही त मापाची सुरुवातच होत नाही.”

मोल म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला संत्र्यांवर शिकवलं. त्यांची सासुरवाडी वरूडकडची, शेंदूरजनाघाटची. सासऱ्यांची संत्र्याची बाग. सर टेबलाला टेकून विचारायचे, “माझ्या सासऱ्याच्या ट्रकमधी जितके नग, तितकेच शेजाऱ्याच्या ट्रकमधी. मोजून भरले. काट्यावर सासऱ्याचा ट्रक जड भरला. कोणाचं संत्रं मोठं?”

“सासऱ्याचं.”

“तू पाह्यलं काय संत्रं?”

“नाही सर.”

“हातात घेतलं?”

“नाही.”

“मंग कसं सांगतलं?” आणि मग ते थांबायचे. सगळ्या वर्षात तेवढा एकच क्षण त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसायची. “मोल म्हंजे ठरलेले नग. आता नग सारखे असले अन् वजन माहीत असलं, त एका नगाचं वजन न पाहता सांगता येते. अणू कोणाले दिसते? काट्याले दिसते.”

प्रयोगही असाच होता. बिननावाच्या धातूचा कीस घ्यायचा, मोरचुदाच्या गरम पाण्यात टाकून ढवळत राहायचं. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. संत्र्याच्या झाडांच्या बुंध्याला चुन्यात कालवून लावतात तेच निळं. पाण्यातून तांबं बाहेर पडून खाली बसतं आणि त्याच्या जागी आपला धातू पाण्यात जातो. सर म्हणायचे, “एसटीतून एक उतरते, एक चढते. डोकी तितकीच.” मग ते तांबं धुवायचं, वाळवायचं, तोलायचं. टाकलं त्यापेक्षा तांबं जास्त भरलं तर आपला धातू तांब्यापेक्षा हलका, कमी भरलं तर जड. जस्त टाकलं तर जवळजवळ तेवढंच तांबं भरतं, कारण दोघांचे कण वजनाला जवळजवळ सारखे. किती कमी, किती जास्त, त्यावरून आकडा निघायचा. ज्याचा आकडा बरोबर आला त्याला सर तक्त्यापाशी न्यायचे आणि त्याच्या हातानं एक पट्टी उचलू द्यायचे. खालचा आकडा पाहून झाला की पट्टी परत चिकटवायची. पुढच्या पोरासाठी.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मला तुकडा मिळाला. मी तो वाकवला, घासला, टेबलावर आपटून कान लावला आणि कागदावर लिहिलं, जस्त. बाकीची पोरं मोरचूद ढवळत होती तेव्हा मी खिडकीत बसून शेंगदाणे खात होतो.

ते जस्तच होतं. सरांनी मला शून्य दिलं.

मी भांडलो. मी लहानपणापासून भांडत आलो आहे, त्याशिवाय आमच्यासारख्याला कोण काय देतं. म्हणालो, “सर, उत्तर बरोबर हाये का नाही तेवढं सांगा.”

“बरोबर हाये.”

“मंग शून्य?”

“तू काढलं नाही, तू ओळखलं. ओळखीचा मानूसच फसवते बापू.”

त्या शून्यानं माझं इंजिनिअरिंग हुकलं. मी आजही म्हणतो की ते शून्य चुकीचं होतं. उत्तर बरोबर असलेल्या पोराला शून्य देणं हा अन्याय आहे, आणि सर गेले तरी माझं हे म्हणणं कायम आहे. मी भट्टी टाकली. जुन्या शहरातच, मोर्णा नदीच्या अलीकडे, दोन खोल्यांच्या जागेत. पाण्याच्या पंपांना लागणारे पितळी बुश ओतायचे. तांबं वितळवायचं, त्यात जस्त घालायचं, साच्यात ओतायचं. कर्ज नाही, भागीदार नाही, कुणाची शिफारस नाही. भट्टीवर माझा धाकटा भाऊ विनू, आणि माल आणायला मी. भावात मला कुणी हरवलेलं नाही. भाव करताना मी समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नाही, हाताकडे पाहतो. माल विकायची घाई असली की हात आधी कळवतात.

अमरावतीच्या प्लेटिंगवाल्याचे हात मी पाहिले होते. त्याचा प्लेटिंगचा, लोखंडावर मुलामा चढवायचा, धंदा बंद पडला होता आणि तो सगळं विकून टाकत होता. टाक्या, मोटारी, वायरी. शेडच्या भिंतीशी लाकडी पेट्यांची चळत होती. पेटीत चांदीसारख्या निळसर कांड्या. “जस्त,” तो म्हणाला, “प्लेटिंगचं, एकदम शुद्ध.” मी कांडी घासली, नख लावलं. मऊ होती, हातात जरा जड वाटली. शुद्ध माल मऊ लागतो आणि जडपणा शिशाच्या मिसळीनंही येतो, तेवढी मिसळ चालते. मी निम्मा भाव सांगितला, नेहमीसारखा, भांडायला सुरुवात म्हणून.

तो म्हणाला, “घेऊन जा.”

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याशी भाव केला नाही. आणि त्या पेट्यांवर, जिथं छापील चिठ्ठी असते तिथं, लाकूड ताजं खरवडलेलं होतं. मी दोन पेट्या घेतल्या. बाकीच्या तिथंच राहिल्या.

उन्हाळ्यात आम्ही भट्टी भल्या सकाळी पेटवतो. त्या दिवशी विनूनं वितळलेल्या तांब्यात ती कांडी सोडली तेव्हा मी बाहेर होतो. परत आलो तर तो तोंडावर पाणी मारत होता. “दादा, लय फुत्कारलं आज,” एवढंच म्हणाला. दुपारी त्याला हुडहुडी भरली. अंग दुखायला लागलं, तोंडाला गोडसर चव आली. आम्ही कुणी घाबरलो नाही. ओतकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. जस्ताचा धूर लागला की असा ताप येतो. गूळ घालून गरम दूध प्यायचं, घोंगडं घेऊन झोपायचं, दुसऱ्या दिवशी माणूस उठून कामाला लागतो. विनूलाच याआधी कितीदा आला होता. त्याच्या बायकोनं, रेखानं, दूध दिलं. तो झोपला.

सरांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे आणि रोज ऊन उतरलं की आमच्या भट्टीवरून जायचे. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, नाकाला रुमाल लावून. पलीकडूनच ओरडायचे, “बंद हाये ना बे?” मी हात हलवायचो, मग ते पुढं जायचे. ही आमची रोजची भेट.

त्या दिवशी ते थांबले आणि रस्ता ओलांडून आले. भट्टीच्या दारापर्यंत. दोरीवर विनूचा बनियन वाळत होता.

“हे काय हाये?”

“विनूचा बनियन, सर.”

“त्याच्यावर तपकीर कोनं सांडली?”

“तपकीर कुठची. धूर लागला असन.”

सरांनी बनियनला हात लावला नाही. मान वाकवून पाहत राहिले. मग मला वर्गात विचारायचे तसं विचारलं, “जस्ताचा धूर कोणत्या रंगाचा असते?”

“पांढरा. कापसावानी उडते.”

उत्तर देता देताच मी पुन्हा त्या बनियनकडे पाहिलं. मी आत जाऊन मुशीचा, तांबं वितळवायच्या भांड्याचा, काठ पाहिला. तोही तपकिरी होता. इतकी वर्षं भट्टी चालवली, तो रंग मी पाहिला नव्हता.

सर विनूच्या खोलीत आले. विनूही त्यांचाच विद्यार्थी. घोंगड्यातून डोकं काढून म्हणाला, “आज ससा... बिळातून बाहेर... कसा काय आला?” तीन दम घेतले त्यानं तेवढ्यासाठी. रेखा हसली. सर हसले नाहीत. त्याच्या छातीकडे पाहत होते.

“दवाखान्यात ने त्याले,” मला म्हणाले.

“जस्ताचा ताप हाये सर. उद्या उठते तो.”

“जस्ताचा असन त उठन.”

“अन् नसन त?”

सरांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला.

“सांगा ना सर. कशाचा हाये मंग? तुमाले माहीत हाये, तुमी सांगत नाही.” माझा आवाज चढला. तो चढतो, मी काय करू.

“मले काहीच माहीत नाही. मले भेव लागून राह्यलं, एवढं माहीत हाये. भेवाचं नाव घेऊन दवाखान्यात गेलं त ते ताप म्हणून सलाईन लावतीन अन् घरी पाठोतीन. तू यॅले घेऊन जाय, नाही त मले एक कांडी दे. जाणार नाही म्हणते हा?”

“नाही जात,” विनू घोंगड्यातून म्हणाला. “गल्ली हसन... दादा.”

मी कांडी दिली.

सरांच्या घरी मागच्या पडवीत त्यांचा दोन पारड्यांचा तराजू होता, काचेच्या पेटीतला. निवृत्तीच्या वेळी कॉलेजनं मोडीत काढला तो त्यांनीच घेतला होता. आणि तो तक्ता, पट्ट्यांसकट. सरांनी कानशीनं कांडीचा कीस काढला. निम्मा कीस वर्तमानपत्रावर सांडला. त्यांनी दोन्ही पारड्यांत कीस घालून काटा मध्ये आणला. दोन सारखे ढीग. एक पारड्यातच राहू दिला. “हा साक्षीदार,” म्हणाले. दुसरा मोरचुदाच्या पाण्यात. मोरचूद सासऱ्यांच्या बागेचं, ते एका डब्यात, त्या डब्याला कुलूप, किल्ली बाईंच्या कमरेला.

“गॅस पेटवा हो,” सर म्हणाले. बाईंनी पेटवला. सर अंगणात गेले नाहीत. शेगडीशी उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या नजरेनं मला जेवढं घाबरवलं तेवढं सरांच्या बोलण्यानंही नव्हतं घाबरवलं.

ढवळणं संपता संपेना. काचेच्या कांडीनं ते कीस घासत होते, वर तांब्याचा लाल थर चढायचा, तो खरवडायचे, खालून पांढरं निघायचं, त्यावर पुन्हा लाल. मला वाटत होतं की त्यांच्या हातातलं भांडं हिसकावून घ्यावं. तेवढ्यात रेखाचा फोन आला. “भाऊजी, यायचे होट निळे दिसून राह्यले.” मी म्हणालो, येतो. पाय उचलले नाहीत. मला तो आकडा पाहिजे होता. जस्त असलं तर सगळं ठीक होतं. मी मनात जस्त, जस्त म्हणत होतो. ज्या शब्दानं मला शून्य मिळालं होतं तोच.

सरांनी पाणी निथळलं. तळाशी लाल गाळ. धुतला, स्पिरिट टाकलं, तव्यावर मंद आचेवर वाळवला. मग तो रिकाम्या पारड्यात ओतला आणि तराजूची कळ सोडली.

जस्त असतं तर काटा जवळजवळ मध्ये आला असता. साक्षीदाराचं पारडं खाली गेलं आणि तिथंच राहिलं. तांब्याचं पारडं हवेत. निम्म्याच्या जरा वर भरलं होतं, बस.

“नग तितकेच,” सर पुटपुटले. “तांबं कमी भरलं. म्हंजे जो पाण्यात गेला तो जड. तांब्याच्या जवळजवळ पावणेदोनपट.” त्यांनी कागदावर गुणाकार केला नाही. तक्त्याकडे गेले. जस्ताच्या घराच्या बरोबर खालचं घर. त्या पट्टीचा डिंक पिवळा पडला होता. एकाही पोराला सरांनी तो धातू कधी दिला नव्हता, म्हणून ती पट्टी कधी कुणी उचलली नव्हती. सरांनी नखानं उचलली. कागद फाटला.

एकशे बारा. वर नाव, कॅडमियम.

“पळ,” सर म्हणाले. ते एवढ्या मोठ्यानं ओरडलेले मी तेव्हाच ऐकले.

दवाखान्यात सर आमच्या आधी पोहोचले होते. ते कसे आले मला माहीत नाही. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, असं नंतर कळलं. हा माणूस सायकललाही घाबरायचा. डॉक्टर विचारत होते, काय श्वासात गेलं, आणि मी नुसता धूर, धूर म्हणत होतो. सर दारातून म्हणाले, “कॅडमियमचा धूर. सकाळी. बंद खोलीत.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्याला काढायला न लावता एखाद्या धातूचं नाव सांगितलं असेल. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि मग सगळे धावायला लागले. ऑक्सिजन, सुया, यंत्र. नंतर ते मला म्हणाले, “दूध पाजून झोपवलं असतं तर फुप्फुसात पाणी भरून झोपेतच गेला असता. ताप सारखाच दिसतो, फरक नंतर कळतो.”

विनू वाचला. वाचला म्हणजे काय ते येऊन पाहा. पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन गुरगुरत असतं. तो बोलतो, पण एका दमात तीन शब्द. धाकटी मुलगी उचलून घे म्हणते, तर तो तिला पलंगावर चढायला सांगतो. वीज गेली की आमच्या घरात सगळे बोलायचे थांबतात.

मी सरांना घेऊन अमरावतीला गेलो. खरं तर मी निघालो होतो आणि सर येऊन गाडीत बसले. दाराचा दांडा मात्र त्यांनी आधी हलवून पाहिला.

प्लेटिंगवाला शेडमध्येच होता. “या राजेहो, एवढ्या उन्हात? पाणी घ्या.”

“ते जस्त नव्हतं,” मी म्हणालो.

“मले जस्त म्हणून मिळालं, मी जस्त म्हणून देल्लं. अन् भाऊ, तुमी काय नवखे हा काय? घासून पाह्यलं, नख लावून पाह्यलं. मी त म्हटलं, जानकार मानूस हाये.”

माझा हात त्याच्या गळ्यापर्यंत गेला होता. सरांनी माझी बाही धरली. त्यांचं अख्खं अंग थरथरत होतं, ते बाहीतून मला कळत होतं. ते त्या माणसाकडे न पाहता भिंतीकडे पाहत होते. पेट्या नव्हत्या. जमिनीवर धुळीत त्यांचे चौकोन तेवढे स्वच्छ उरले होते.

“मारू नको त्याले,” सर म्हणाले. “विचार त्याले. बाकीच्या पेट्या कोनाले देल्ल्या?”

“कोनत्या पेट्या?” तो म्हणाला. आणि त्याचे हात, टेबलावरचे, खाली गेले. मांडीवर. दिसेनासे झाले.

तक्रार केली. भंगार पाहून घ्यायचं असतं, असं मला सांगण्यात आलं. कागद पुढं गेला, असंही सांगण्यात आलं. कुठं गेला ते मी अजून विचारतो आहे.

त्यानंतर सरांना वेड लागलं असं लोक म्हणतात. मी ते ऐकून घेत नाही. झालं ते एवढंच. सर सकाळी एसटीत बसायचे. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर. जिथं भंगाराची दुकानं असतील, ओतकाम असेल, तिथं जायचे. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहायचे, नाकाला रुमाल. आणि ओरडून विचारायचे, “धूर पांढरा येते ना?” लोक हसायचे. एका ठिकाणी पोरांनी त्यांच्या अंगावर राख उडवली. एका भट्टीवाल्यानं त्यांना कुणी सरकारी माणूस समजून चहा दिला, तो त्यांनी अर्थात घेतला नाही. बाई मला म्हणाल्या, “बापू, तुम्ही सांगा ना त्यांना. रात्रभर जागे राहतात आणि सकाळी जातात. आयुष्यभर भीतीनं घरात बसले, आता भीतीनं घरात बसत नाहीत.”

मी सांगितलं. सर म्हणाले, “दोन पेट्या तू आणल्या. बाकीच्या कोनीतरी नेल्या ना? त्यॅच्याकडे कोनता ससा हाये?”

या उन्हाळ्यात सर गेले. झोपेत, साधेपणानं, ज्याची त्यांना कधीच भीती वाटली नसेल अशा तऱ्हेनं. तराजू त्यांच्या मुलीनं पुण्याला नेला. तक्ता बाईंनी मला दिला. तो भट्टीच्या भिंतीवर लावला आहे. बाकी सगळ्या पट्ट्या जागच्या जागी आहेत. एक उघडी आहे, फाटलेली. मी आता कोणताही माल मोरचुदाच्या पाण्यातून काढल्याशिवाय मुशीत जाऊ देत नाही. कारागीर मला ससा म्हणतात. मागे नव्हे, जवळजवळ तोंडावर.

आता त्या प्लेटिंगवाल्याला विचारतो. तू हे वाचशील, कुणीतरी तुला वाचून दाखवेल. माझ्या भावाच्या छातीचा हिशेब मी तुझ्याकडे मागत नाही, तो तुला देता येणार नाही. पण तुझ्या भिंतीशी पेट्यांची चळत होती आणि मी दोनच नेल्या. चिठ्ठ्या तू खरवडल्या, म्हणजे त्यांवर काय लिहिलं होतं ते तू वाचलं होतंस. इथं कुठंतरी, वऱ्हाडातच, एखाद्या बंद खोलीत कुणीतरी ती कांडी मुशीत सोडेल, दुपारी त्याला हुडहुडी भरेल, आणि त्याची बायको गूळ घालून दूध गरम करेल. तिच्या दारावरून जाणारा कुणी नसेल.

बाकीच्या पेट्या कोणाला विकल्या? नाव सांग.